वाडीत पडलेलं ऊन

अगं, तू दिवेआगर-श्रीवर्धनला निघालीस, तिथून बागमांडल्याला फेरीबोटीत बसून खाडीपलीकडे वेळास, केळशी, आंजर्ल्यापर्यंत जाणार आहेस आणि या खेपेला नुसते सहलीचे फोटो काढायचे नाहीत असं ठरवलंयस, हे ऐकल्यापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं. कॅमेरा तुला चांगला येतो, त्यातलं मी काही सांगणार नाही. मला बोलायचंय ते त्या किनाऱ्याबद्दल. तो वादळात आडवा झालेला किनारा आहे आणि अजून पुरता उभा राहिलेला नाही. दोन दिवस राहून परतणाऱ्याला हे कळतच नाही. खोल्यांना नवे रंग लागलेत, समुद्र तोच आहे, ताटात सोलकढी तीच आहे. झालेलं नुकसान घरांच्या मागच्या बाजूला आहे, वाड्यांमध्ये. तिथे सहसा पाहुणा जात नाही, आणि गेला तरी आपण काय बघतोय ते त्याला उमगत नाही.

३ जून २०२०ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. जून महिन्यात एवढं जोरदार वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १८९१ नंतर आलं नव्हतं, म्हणजे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसानेही तसलं काही पाहिलेलं नव्हतं. त्यात करोनाची टाळेबंदी चालू. विजेचे खांब पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या मुलांना आईवडील कसे आहेत हेसुद्धा लगेच कळेना. कौलं उडाली आणि लगोलग पावसाळा सुरू झाला. मग वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. नुकतीच शाकारलेली कितीतरी घरं पुन्हा उघडी पडली. हे सगळं तुला माहीत असेल, तरी जाण्याआधी एकदा नीट वाचून जा. तिथे गेल्यावर ‘इथे वादळ झालं होतं ना?’ असं विचारणारी पाहुणी होऊ नकोस. त्यांना तो प्रश्न फार वेळा विचारून झालाय.

आता वाडीबद्दल बोलते, कारण तुझ्या फोटोंचं खरं काम तिथे आहे.

आगरातली जुनी वाडी तू लहानपणी पाहिली असशील. सगळ्यांत वर माड. त्याच्या खाली पोफळी, काठीसारख्या सरळ आणि दाट. त्यांच्या सावलीत जायफळ, खोडांवर चढलेले मिरीचे वेल, केळी, कडेला अननस. या सगळ्यातून पाण्याचे पाट. भर दुपारी बारा वाजता अशा वाडीत शिरलं की डोळ्यांना काही क्षण दिसेनासं व्हायचं, इतका गारवा आणि अंधार. कॅमेऱ्याला ती जागा कधीच सोयीची नव्हती. सगळा हिरवा काळोख, फोटो हलायचा.

आता त्याच वाडीत सकाळी जाशील तर तुला सुंदर ऊन मिळेल. झावळ्यांमधून तिरपे येणारे किरण, जमिनीवर उजेडाचे पट्टे, दूरवर मोकळं आकाश. तुझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जाईल. तेव्हा एवढं लक्षात ठेव की ते ऊन तिथे असायला नको होतं. वरचं छप्पर गेलं म्हणून ते खाली पोचलंय. पोफळीच्या कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, ते करपतं. म्हणून लोकांनी आधी केळी लावल्या, केळीच्या सावलीत पोफळीची रोपं धरली. जायफळालाही सावलीच लागते. मिरीला चढायला खोड लागतं, आणि खोडंच उरली नाहीत तिथे ती चढणार कशावर? पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात, ती भरात यायला दहा. आंबा-काजूच्या बागेसारखं इथे एकेक झाड सुटं मोजता येत नाही. एकाच्या सावलीवर दुसरं जगतं. वरचं पडलं की खालचं सगळं उघडं पडतं.

म्हणून मला वाटतं, त्या उन्हाचा फोटो जरूर काढ, पण त्याचा अर्थ फोटोत आला पाहिजे. नुसते किरण नकोत. किरणांच्या खाली केळीच्या आडोशाला उभं असलेलं रोप घे, आणि त्या रोपाशेजारी ते लावणारं माणूस. तो माणूस रोपापेक्षा उंच आहे की रोप त्याच्या डोक्यावर गेलंय, हे फोटोत दिसू दे. त्या किनाऱ्यावर वादळानंतर किती काळ गेला हे याच एका मापाने कळतं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी, त्याच माणसाला, त्याच रोपाशेजारी उभं करून काढ. पायाखालच्या पाटाचा दगड किंवा विहिरीचा कठडा खुणेला धर, म्हणजे जागा चुकणार नाही. असे चार-पाच वर्षांचे फोटो ओळीने लावलेस तर त्याखाली मजकूर लिहायचीसुद्धा गरज राहणार नाही.

आणखी एक सुचवते. राहशील त्या घरी ओळख जमली, काकू गप्पांना बसल्या, की त्यांना जुना अल्बम दाखवायला सांग. लग्नाचा, मुंजीचा, डोहाळजेवणाचा. कोकणात हे फोटो बहुतेक खळ्यात किंवा वाडीच्या कडेला काढलेले असतात आणि मागे ती जुनी वाडी उभी असते, गर्द काळी. फोटो काढणाऱ्याने तिच्याकडे लक्षही दिलेलं नसतं. वादळाआधीचा तो किनारा आज या अल्बमांतच शिल्लक आहे. त्या मुंजीच्या फोटोतली जागा शोध, तिथेच उभी राहा आणि आजचा फोटो काढ. काही घरांतले अल्बम त्या जूनच्या पावसात भिजून एकमेकांना चिकटले. तसं असेल तर काकू सांगतील, आणि तेवढ्यावर विषय सोडून दे. भिजलेला अल्बम हातात धरून बसा म्हणू नकोस.

छपरांबद्दलही सांगायचंय. कोकणातलं घर म्हटलं की आपल्याला जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं लागतात. वादळानंतर अनेकांनी पुन्हा कौलं घातली नाहीत, निळे-तांबडे पत्रे घातले. पाऊस तोंडावर होता, जे मिळेल त्याने घर झाकायचं होतं. आता होतं काय, फोटो काढणारे येतात, पत्र्याचं घर बघून नाक मुरडतात, कॅमेरा थोडा डावीकडे वळवतात आणि उरलेला एक कौलारू कोपरा टिपून ‘अस्सल कोकण’ म्हणून लोकांना दाखवतात. मला हे मनापासून खटकतं. तो पत्रा त्या कुटुंबाने जूनच्या धो धो पावसात, टाळेबंदीत, मिळेल त्या भावाने आणून चढवलाय. ते घर पुन्हा उभं राहिल्याचा पुरावा तोच आहे. त्याला चौकटीबाहेर ढकललंस तर तू वादळही पुसलंस आणि त्या माणसांची मेहनतही. अर्धं छप्पर कौलांचं आणि अर्धं पत्र्याचं असं एखादं घर दिसलंच तर तिथे थांब. सकाळच्या तिरप्या उन्हात पत्रा फार चमकत नाही, तेव्हा काढ.

आता तारखेबद्दल. हे मी तुला हात जोडून सांगते: प्रत्येक फोटोखाली महिना आणि वर्ष लिही, गावाचं नाव लिही, जमलं तर पाखाडीचंही. दर मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आडव्या पडलेल्या माडांचे जुने फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. कुठले, कधीचे, काही पत्ता नसतो. बघणाऱ्याला वाटतं कालचेच आहेत, आणि तो खोली रद्द करतो. मे महिना म्हणजे त्या घरांचा कमाईचा महिना. वाडी गेल्यावर या लोकांना हातातला पैसा दिला तो पाहुण्यांच्या खोल्यांनी. सुपारीचं उत्पन्न यायचं तेव्हा येईल, तोवर खोली चालली पाहिजे. सरकारी मदत आली ती आधी हेक्टरच्या हिशेबाने, आणि इथे एकेकाची वाडी मोजायची गुंठ्यांत. हातात काय पडलं असेल ते तूच बघ. झाडागणिक भरपाई द्या म्हणून लोकांना बराच काळ ओरडावं लागलं. अशा घराची एक खोली बिनतारखेच्या फोटोमुळे रिकामी राहिली, तर त्या फोटोचा दोष काढणाऱ्याकडेही जातो. तारीख लिहायला कितीसा वेळ लागतो!

याची दुसरी बाजूही आहे. ‘इथे सगळं पूर्ववत झालं’ असं सांगणारे निळ्याशार समुद्राचे फोटो गावाच्या धंद्याला बरे, पण तेवढेच दाखवलेस तर वाडीचं दुखणं कुणाला दिसणार नाही. मला विचारशील तर एकाच मालिकेत दोन्ही घे. समुद्रावर खेळणारी पोरं आणि मागच्या दारी गुडघाभर रोपाला पाणी घालणारी त्यांची आजी.

माणसांचे फोटो काढताना विचारायचं, हे तुला सांगायला नको. पण कसं विचारायचं ते सांगते. बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकापाशी, उभी राहून आधी हाक मार. आत बोलावल्याशिवाय वाडीत शिरू नकोस, ती कुणाच्या तरी मालकीची जागा आहे. ‘वाडी बघू का?’ एवढंच म्हण. काका आपणहून दाखवायला निघतील, कारण वाडीबद्दल बोलायला त्यांना आवडतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी का नावाजलेली, तिथल्या सुपारी संशोधन केंद्राच्या ‘श्रीवर्धनी’ जातीची रोपं कुणी कुणी लावली, कुठला माड वादळातही उभा राहिला, सगळं सांगतील. ऐक. मधेच कॅमेरा वर करू नकोस. बोलणं संपलं की मग विचार. नाही म्हणाले तर ‘बरं काका’ म्हणून चहा पिऊन ये.

अमेरिकेत डोरोथिया लँग नावाची मोठी छायाचित्रकार होऊन गेली. १९३६ साली तिने कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो जगभर गेला, आजही मंदीच्या काळाचं नाव घेतलं की तोच डोळ्यांसमोर येतो. लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८मध्ये. तेव्हा ती म्हणाली की मला या फोटोतून एक पैसा मिळाला नाही, आणि प्रत पाठवू म्हणाल्या होत्या तीही कधी आली नाही. लँगचं काम किती मोठं आहे हे मला माहीत आहे, त्या फोटोमुळे त्या छावणीला अन्नाची मदत गेली हेही खरं. तरीसुद्धा त्या न आलेल्या प्रतीचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडेही ‘पाठवते हं फोटो’ असं म्हणून आपण निघून येतो. तू तसं करू नकोस. मोबाईलवर लगेच पाठव, आणि घरी आल्यावर एक छापील प्रत टपालाने. समुद्राकाठच्या दमट हवेत साधा कागद टिकत नाही, बुरशी धरते, तेव्हा लॅमिनेट करून पाठव. मागे नाव आणि तारीख.

बंदरावर जाशील तेव्हा जरा जास्त सांभाळ. श्रीवर्धनचं जीवना बंदर, दिवेआगरशेजारचं भरडखोल, पलीकडे हर्णै. हर्णैचा मासळीचा लिलाव तर बघण्यासारखाच आहे, समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर गाड्या-बैलगाड्या, होड्यांतून उतरणाऱ्या टोपल्या. पण तो बाजार आहे. तिथे क्षणाक्षणाला पैशाचे निर्णय चाललेले असतात आणि तू मधे उभी राहिलीस तर कुणाचा तरी भाव चुकतो. कडेला उभी राहा. कुणा मावशींचा फोटो हवा असेल तर लिलाव आटोपू दे, त्यांच्याकडून मासळी घे, मग विचार. आणि वादळात कुणी गेलं का, असं फोटोसाठी कधीही विचारू नकोस. या किनाऱ्याने नोव्हेंबर २००९चं ‘फयान’ही सोसलंय. तेव्हा रत्नागिरीकडचे किती तरी मच्छीमार समुद्रात होते, आणि सगळे परत आले नाहीत. ज्या घरातून कुणी परत आलं नाही त्या घराच्या ओटीवर ‘जरा समुद्राकडे बघा’ म्हणून कुणाला बसवणं मला सहन होत नाही. घरातली माणसं स्वतःहून बोलली तर ऐकून घे. कॅमेरा पिशवीत असू दे.

पडक्या घरांत, मोडलेल्या सुरूच्या ओंडक्यांवर नटूनथटून फोटो काढायची टूम आहे, तिकडे तू वळणार नाहीस हे मला माहीत आहे. ड्रोन उडवायचा असेल तर नियम वाच आणि गावात आधी सांग. लोकांच्या न्हाणीघरांवरून, वाड्यांवरून तो घरघरत गेला की बायकांना ते मुळीच आवडत नाही.

वेळासला पोचलीस आणि हंगाम असला, म्हणजे साधारण फेब्रुवारीनंतर, तर कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसतील. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून तिथे घरट्यांचं रक्षण सुरू केलं, आणि मग गावानेच ते काम उचललं. फ्लॅश अजिबात नाही. दोरीच्या आत पाय नाही. पिल्लांचे फोटो हजारांनी निघालेत. तू त्या कासवमित्राचा काढ, जो रात्री किनाऱ्यावर फेरी मारून अंडी शोधतो आणि सकाळी पाहुण्यांना मागे सरका म्हणून विनवतो. त्याचं नाव विचारून लिहून घे.

ज्या घरी राहशील त्यांच्यासाठी एक दुपार राखून ठेव. त्यांनी कर्ज काढून नव्या खोल्या बांधल्या असतील आणि जाहिरातीला मोबाईलवर काढलेले अंधारे, तिरके फोटो वापरत असतील. तू त्यांना खोलीचे, पडवीतल्या झोपाळ्याचे, ताटाचे स्वच्छ, खरे फोटो काढून दे. खोली आहे तेवढीच दिसू दे, ताणून मोठी दाखवू नकोस, नाहीतर येणारा पाहुणा त्यांच्याशी भांडेल. फोटो पूर्ण त्यांचे, तुझं नाव कोपऱ्यात नको. आणि त्या बदल्यात बिल कमी करून घेऊ नकोस. ‘तुमची प्रसिद्धी करते’ असं म्हणून फुकट राहणारे लोक तिथे येऊन गेलेत, आणि त्यांच्याबद्दल गावात काय बोलतात ते मी ऐकलंय. बिल पूर्ण दे, आणि निघताना त्यांच्याचकडून सुपारी, जायफळ, कोकमं विकत घे.

कधी जावं म्हणतेस? वाडीचंच काम करायचं असेल तर थंडीत. तेव्हा सुपारी उतरवलेली असते, खळ्यात वाळत घातलेली दिसते, दुपारी सोलायला बायका बसलेल्या असतात. ज्यांची जुनी झाडं वाचली त्यांच्याकडे खळं भरलेलं असतं आणि शेजारच्याकडे अर्धं रिकामं. दोन्ही घरांची परवानगी घेऊन दोन्ही खळी एकाच उंचीवरून काढ. समुद्राच्या फोटोंसाठी मात्र तिथी बघून जा. भरतीचा जुना हिशेब ठाऊक आहे ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सूर्य बुडायच्या वेळी पूर्ण ओहोटी. पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या वाळूत सगळं आकाश उतरतं. अष्टमीला जाशील तर संध्याकाळी वाळूच शिल्लक नसते, मग मला दोष देऊ नकोस.

दिवेआगरला संकष्टीला सुवर्णगणेशाच्या देवळात गर्दी असते, तेव्हा तो दिवस टाळ. निघण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून किती माणसं, शाकाहारी किती, पोचणार किती वाजता, सगळं सांग. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच सांगावे लागतात. काकूंना नारळ खवून ठेवायला वेळ लागतो, आणि हल्ली तो नारळ त्यांच्या स्वतःच्या वाडीतला असेलच असं नाही.